सहाव्या वाहिनीचा आवाज



गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात निबंधाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घराच्या गच्चीवर अॅल्युमिनियमच्या आडव्या काड्या लावलेला एक जुना, गंजलेला खांब आहे. पूर्वी त्यावर दूरदर्शन दिसत असे, असे त्याचे आजोबा सांगतात. आता दूरदर्शन तबकडीतून दिसते, खांब मात्र तसाच उभा आहे. "सर, त्यावर आता रेडिओ लागेल का?" असे त्याने विचारले. वर्ग हसला आणि मीही हसलो. "टीव्हीचा आकाशक तो, त्यावर रेडिओ कसा लागेल?" असे बोलून मी त्यास खाली बसविले.

मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत मी ही हकिकत गंमत म्हणून सांगितली, तेव्हा आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी मात्र हसले नाहीत. "मुलाचा प्रश्न बरोबर होता, उत्तर आपले चुकले," असे ते शांतपणे म्हणाले. मी कलाशाखेचा पदवीधर. विद्युल्लहरींचा आणि माझा संबंध मेघदूतातील विजेपलीकडे फारसा कधी आला नव्हता. परंतु वर्गात चुकीचे उत्तर देऊन एका मुलास हास्यास्पद केले, ही गोष्ट मनास लागून राहिली. पुढे काही महिने मी या विषयाचा पाठपुरावा केला व जे हाती आले ते येथे मांडीत आहे. आकडे माझ्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतले आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, रेडिओची लहर आणि टीव्हीची लहर या दोन निराळ्या जातींच्या वस्तू नव्हेत. दोन्ही विद्युत्चुंबकीय लहरीच होत. दर सेकंदास त्यांची किती कंपने होतात एवढाच काय तो भेद. या कंपनसंख्येस आपण मेगाहर्ट्झमध्ये मोजतो. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लक्ष कंपने. एफ. एम. रेडिओस जगातील बहुतेक देशांत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा दिलेला आहे. आपल्या खिशातील लहान संचावर जे आकडे छापलेले असतात ते हेच.

लहरीवर आवाज चढविण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत लहरीची उंची आवाजाबरोबर कमीजास्त करावयाची. दुसरीत उंची तीच ठेवून कंपनसंख्या किंचित् मागेपुढे करावयाची. ही दुसरी रीत म्हणजेच एफ. एम. वीज कडाडली किंवा शेजारी मोटार सुरू झाली की, तिचा उपद्रव लहरीच्या उंचीस होतो, कंपनसंख्येस फारसा होत नाही, म्हणून एफ. एम. चा आवाज स्वच्छ. आता मौज अशी की, जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीत चित्र पहिल्या रीतीने जात असे आणि त्याचा आवाज मात्र दुसऱ्या. म्हणजे प्रत्येक टीव्ही केंद्राच्या पोटात एक लहानसे एफ. एम. रेडिओ केंद्र दडलेले होते! ते आपल्या रेडिओस ऐकू येत नसे, ते केवळ ते आपल्या रेडिओच्या पट्ट्याबाहेर असे म्हणून.

परंतु ते पट्ट्याच्या आत आले तर? अमेरिकेत नेमके हेच घडले.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांस क्रमांक दिलेले असून प्रत्येक वाहिनीस सहा मेगाहर्ट्झ रुंदीची जागा आहे. सहाव्या वाहिनीची जागा ८२ पासून ८८ पर्यंत. चित्राची मूळ लहर ८३.२५ वर असे आणि तिच्यापासून ४.५ वर आवाजाची. बेरीज केल्यास ८७.७५ येतात. एफ. एम. चा पट्टा ८८ पासून सुरू होतो हे खरे; पण रेडिओ बनविणारे कारागीर काटा नेमका ८८ वरच अडवीत नाहीत, थोडा अलीकडे जाऊ देतात. त्या थोड्याशा जागेत सहाव्या वाहिनीचा आवाज सापडे. काहीसा दबका, पण स्पष्ट.

हे अनेक वर्षे लोकांस ठाऊक होते व त्याचे कोणास विशेष वाटत नव्हते. एखादा मोटार चालविताना टीव्हीवरील बातम्या ऐकून घेई, एवढेच. पुढे १९८२ साली अमेरिकेच्या संपर्क आयोगाने लघुशक्ती दूरचित्रवाणी केंद्रे हा नवा वर्ग निर्माण केला. खेड्यापाड्यांस व लहान समाजांस स्वतःचे केंद्र काढता यावे हा त्यामागील हेतू. प्रक्षेपक लहान, खर्च बेताचा. यांपैकी ज्यांच्या वाट्यास सहावी वाहिनी आली, त्यांतील काही चतुर चालकांच्या ध्यानात आले की, मोठ्या शहरात एफ. एम. रेडिओचा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य, आणि आपल्या हातात तर एक एफ. एम. केंद्र आयतेच आहे. मग त्यांनी चित्राकडे दुर्लक्ष केले. पडद्यावर एखादे स्थिर चित्र किंवा हवामानाचा तक्ता ठेवावयाचा, आणि सारे लक्ष आवाजाकडे द्यावयाचे. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली 'पल्स ८७' या नावाने नृत्यसंगीताचे जे लोकप्रिय केंद्र सुरू झाले ते कागदोपत्री दूरचित्रवाणी केंद्रच होते. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ते कधी 'पाहिले' असेल.

हा व्यवहार नीतीस धरून होता काय? मला विचाराल तर मी घोटाळ्यात पडतो. परवाना चित्रासाठी दिलेला, वापर आवाजासाठी. विरोधकांचे म्हणणे हेच होते की, दूरचित्रवाणीसाठी राखलेली जागा रेडिओने बळकावू नये, रेडिओ चालवावयाचा तर रेडिओच्या रांगेत उभे राहावे. हे म्हणणे चूक म्हणता येत नाही. पण दुसरी बाजूही आहे. या केंद्रांवरून जे ऐकू येई त्यांत स्पॅनिश व इतर अल्पसंख्य भाषांतील कार्यक्रम बरेच असत. मोठ्या केंद्रांस ज्यांच्यासाठी वेळ काढणे परवडत नाही असे हे श्रोते. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांस आपल्या बोलीत बोलणारा एक लहानसा आवाज किती मोलाचा वाटतो, हे उज्जैनच्या मराठी मुलांस मी सांगावयास नको. आपण घरात मराठी व दाराबाहेर हिंदी बोलता. मी तर घरात कोकणी, शाळेत मराठी व भाजी घेताना हिंदी बोलतो.

पुढे काळ पालटला. दूरचित्रवाणी अंकीय झाली, म्हणजे चित्र आणि आवाज दोहोंचे रूपांतर आकड्यांत होऊन ते एकत्र मिसळून जाऊ लागले. अशा मिश्रणातून आवाज वेगळा काढणे साध्या रेडिओस शक्य नाही. अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे क्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. लघुशक्ती केंद्रांस सवलत होती. ती १३ जुलै २०२१ रोजी संपली. त्या दिवशी ८७.७५ वरील सारे आवाज कायमचे थांबावयाचे. परंतु काही केंद्रांनी अशी युक्ती काढली की, नवे अंकीय चित्र सहा मेगाहर्ट्झच्या जागेत थोडे आवळून बसवावयाचे आणि कडेला जी चिंचोळी जागा उरेल तीत जुन्या पद्धतीचा आवाज स्वतंत्रपणे चालू ठेवावयाचा. आयोगाने यास प्रथम तात्पुरती परवानगी दिली आणि जुलै २०२३ मध्ये कायमचा निर्णय केला: त्या वेळी जी चौदा केंद्रे अशा रीतीने चालू होती तेवढी चालू राहावीत, नवी काढू नयेत, आणि चित्राचे क्षेपणही त्यांनी खरोखर चालू ठेवावे. पळवाटेस कायद्याने दार बसविले आणि चौदा जणांस आत घेऊन ते लावून टाकले, असे म्हणावयास हरकत नाही.

जपानची हकिकत याहून सरळ आहे. तेथे एफ. एम. रेडिओचा पट्टा ७६ पासून ९० पर्यंत, आणि त्याच्या लगेच वर ९० ते १०८ या जागेत दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्या. त्यांचे आवाज ९५.७५, १०१.७५ व १०७.७५ वर येत. काटा थोडा वर नेता येईल असा रेडिओ असला की टीव्हीचे हे आवाज तीवर मिळत. तेथे कोणी लपवाछपवी केली नाही. रेडिओच्या कारखानदारांनी ही सोय उघडपणे दिली होती. २०११ च्या जुलैत जपानच्या बहुतेक भागांत जुने टीव्ही क्षेपण बंद पडले आणि मोकळ्या झालेल्या जागेचा एक भाग पुढे रेडिओसच देण्यात आला. टीव्हीचा आवाज जेथे ऐकू येई तेथे आता रेडिओ ऐकू येतो.

मग हिंदुस्थानात असे काही घडले काय? येथे थोडे गणित करू. आपल्याकडील जुन्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीस सात मेगाहर्ट्झ जागा होती. जागेच्या खालच्या कडेपासून १.२५ वर चित्राची लहर, आणि तेथून ५.५ वर आवाजाची. चौथी वाहिनी ६१ ते ६८. मुंबईचे केंद्र या वाहिनीवर असे. तिचा आवाज कोठे येईल? ६१ मध्ये १.२५ व ५.५ मिळवा: ६७.७५. त्यापुढची पाचवी वाहिनी एकदम १७४ पासून सुरू होते, म्हणजे तिचा आवाज १८०.७५ वर. एफ. एम. चा पट्टा या दोहोंच्या मधोमध, दोन्हींपासून लांब. अमेरिकन चातुर्यास आपल्याकडे मुळी वावच नव्हता. चोरासाठी खिडकी उघडी राहू नये म्हणून कोणी हे मुद्दाम केले होते असे नव्हे. युरोपातील वाटणी आपण घेतली, तीत ती खिडकी नव्हती.

तथापि गरज तेथेही होतीच आणि तिने निराळा मार्ग काढला. ही माझ्या घरची गोष्ट आहे. आमचे मूळ घर गोव्यात, पेडणे तालुक्यात. कोकणीत आजोबांस आजो म्हणतात. आमच्या आजोंनी तरुणपणी पोर्तुगीज अमदानीतील 'एमिसोरा द गोवा' ऐकली होती आणि १९६२ च्या जानेवारीत तेच केंद्र आकाशवाणी झाल्यावर तीही ऐकली. उतारवयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडून त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. घरात टीव्ही होता, पण तो माजघरात, आणि आजोंची जागा ओसरीवर. रविवारी चित्रपट लागला की आम्ही मुले आत, आणि ते बाहेर एकटे. एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माझ्या काकांनी त्यांस एक लहान रेडिओ आणून दिला. त्यावर मध्यम लहरी व एफ. एम. यांच्या जोडीस 'टीव्ही' असा तिसरा पट्टा होता. असे संच त्या काळी सर्रास विकले जात. काटा फिरविता फिरविता आत चाललेला चित्रपट बाहेर ओसरीवर ऐकू येऊ लागला! आजो तेव्हा जे हसले ते मला अजून आठवते. मग आतून कोणी तरी ओरडून सांगे, "आजो, आता तो दरवाजा उघडतो आहे," आणि बाहेरून उत्तर येई, "ठाऊक आहे रे, मला ऐकू आले."

तेव्हा टीव्हीचा आवाज रेडिओवर ऐकणे ही केवळ परदेशी चालकांची युक्ती नव्हती. ज्यास दिसत नाही त्याची ती निकड होती.

आता आपल्या देशातील लघुशक्ती केंद्रांकडे वळतो, कारण उज्जैनमधील गच्चीवरचे खांब त्यांच्याच काळातील आहेत. दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. मुंबईस केंद्र येण्यास १९७२ चा ऑक्टोबर उजाडला. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही दाखविण्यात आला. त्या सहांत आपले मध्य प्रदेश राज्यही होते, पण खेडी रायपूरकडील, म्हणजे आजच्या छत्तीसगडातील होती; माळव्याच्या वाट्यास तो प्रयोग आला नाही. त्याच सुमारास गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहान प्रक्षेपक उभा राहिला. अहमदाबादच्या अवकाश संशोधकांनी तो चालविला. त्याचे वैशिष्ट्य असे की, शेतमजुरांचे प्रश्न, वेठबिगारी, दुधाचा भाव अशा स्थानिक विषयांवरचे कार्यक्रम तेथील लोकांस घेऊनच तयार केले जात. १९८५ साली तो बंद करण्यात आला. मला विचाराल तर आपल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासातील ती सर्वांत दुःखाची तारीख.

कारण त्याच वेळी देशभर जे चालले होते ते अगदी उलट होते. १९८३ च्या ऑगस्टमध्ये 'इन्सॅट १ ब' हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ साली काही महिने असे गेले की सरासरीने दिवसाला एक नवा प्रक्षेपक देशात सुरू होत होता. यांतील बहुसंख्य लघुशक्ती, शंभर वॉटचे. शंभर वॉट म्हणजे किती? आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढे! लोखंडी मनोरा, उपग्रहाकडे तोंड केलेली एक मोठी तबकडी, एक खोली, दोन-चार कर्मचारी. दिल्लीचे चित्र तबकडीने घ्यावयाचे व मनोऱ्यावरून गावास द्यावयाचे. पुढे अशा लहानमोठ्या प्रक्षेपकांची संख्या देशात चौदाशेंच्या घरात गेली. चौदाशे मनोरे, पण बहुतेकांचा कंठ एकच. कोणत्याही मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून पाहा, त्या गावचा माणूस त्यात कोठे बोलत नसे.

या केंद्रांची पोच किती, हे समजावून घेण्यासारखे आहे. या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर फारशा वाकत नाहीत. आमच्या सहकाऱ्यांनी मला एक सोपा हिशेब सांगितला: मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास सुमारे चारने गुणावे, जे येईल तितके किलोमीटर लहर क्षितिजापर्यंत जाईल. छत्तीस मीटरच्या मनोऱ्यास चोवीस किलोमीटर, शंभर मीटरच्या मनोऱ्यास चाळीस. ऐकणाऱ्याचा आकाशक उंचावर असेल तर त्याच्या उंचीचाही हिशेब तसाच करून त्यात मिळवावयाचा. अर्थात् शक्ती तोकडी असेल तर लहर क्षितिजाआधीच क्षीण होते; शंभर वॉटच्या केंद्रांचे तसेच होई. कालिदासाच्या यक्षाने मेघास सांगितले की, वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी पाहिल्यावाचून जाऊ नकोस. मेघास ते जमले असेल. या लहरींस वाट वाकडी करता येत नाही, म्हणूनच गावोगावी मनोरे उभारणे भाग पडले.

मध्यम लहरींचे तसे नाही. त्या जमिनीस धरून दूरवर जातात. इंदूरच्या आकाशवाणी केंद्राचे कार्यक्रम १९५५ पासून साऱ्या माळव्यात ऐकू येत आले ते त्यामुळेच. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील नंदाजी व भेराजी यांच्या माळवी गप्पा आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांस तोंडपाठ असतील. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे: माळवी बोलीस माळव्यात जे मानाचे स्थान मिळाले ते रेडिओवर, दूरदर्शनच्या मनोऱ्यावर नव्हे.

तबकड्या व तारेवरच्या वाहिन्या घरोघरी आल्या तसे मनोऱ्यांकडे पाहणारे कमी होत गेले. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची स्वतःची विनाशुल्क तबकडीसेवा सुरू झाली. त्यानंतर जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, आणि २०२२ च्या मार्चअखेर सीमेवरील व तत्सम महत्त्वाच्या सुमारे पन्नास ठिकाणांखेरीज ते सर्व थांबविण्याची योजना पार पडली. माझ्या प्रश्नकर्त्या विद्यार्थ्याच्या गच्चीवरील खांब मुका झाला त्याचे कारण हे. खांबात बिघाड झालेला नाही. त्याच्याशी बोलणारेच कोणी उरले नाही. त्या तबकडीसेवेतून आज चित्रवाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्याही कित्येक वाहिन्या मिळतात. म्हणजे आमचे आजो रेडिओवर टीव्ही ऐकत, आणि आज कित्येक घरांत टीव्हीवर रेडिओ ऐकतात!

आणि मनोऱ्यांचे काय झाले? येथे आपल्या विषयाचा हिंदुस्थानी अवतार दिसतो. अमेरिकेत टीव्ही केंद्राने परवाना न बदलता रेडिओचे काम केले. आपल्याकडे दूरदर्शन व आकाशवाणी या दोन्ही संस्था १९९७ पासून प्रसार भारती या एकाच घराच्या, त्यामुळे चोरवाटेची गरजच पडली नाही. दूरदर्शनच्या लघुशक्ती केंद्रांच्या जागा, खोल्या व मनोरे तयार होते. त्यांतील अनेक ठिकाणी शंभर वॉटचे एफ. एम. प्रक्षेपक बसविण्यात आले. २८ एप्रिल २०२३ रोजी तर शंभर वॉटचे ९१ एफ. एम. प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले; १८ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांतील ८४ जिल्ह्यांत ते विखुरलेले आहेत. शंभर वॉटचा टीव्ही गेला, शंभर वॉटचा रेडिओ आला. मात्र हेही मुख्यतः पुनःक्षेपणच. विविधभारती व तत्सम कार्यक्रम दुरून घेऊन गावास द्यावयाचे. जेथे पूर्वी काहीच स्पष्ट ऐकू येत नव्हते तेथे ही सोय थोडी नव्हे. तरी पण मनोरा आपल्या गावचा आणि आवाज दुसऱ्या गावचा, ही १९८४ ची रीत अद्याप पालटली नाही, असे मला वाटते.

आपल्या गावाने स्वतः बोलावयाचे म्हटले तर? बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने अगदी क्षुल्लक खर्चात स्वतः प्रक्षेपक जोडून एफ. एम. केंद्र चालविले होते. गाणी, गावच्या बातम्या, हरवलेल्या मुलांच्या सूचना असे सारे त्यावर असे. परवाना लागतो हेच त्यास ठाऊक नव्हते. २००६ च्या मार्चमध्ये सरकारने ते बंद केले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण लहरींस शिस्त नसेल तर विमानांच्या संभाषणासही अडथळा येऊ शकतो. आश्चर्य हे की, त्याच वर्षाच्या अखेरीस नवे धोरण आले आणि विनालाभ संस्थांस सामुदायिक रेडिओ काढण्याची मुभा मिळाली. तोवर ती केवळ शिक्षणसंस्थांस होती. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी महिलांच्या संस्थेने चालविलेले 'माणदेशी तरंग' हे केंद्र अशा मुभेचेच फळ होय, ९०.४ मेगाहर्ट्झवर दुष्काळी भागातील बायका त्यावर स्वतःच्या माणदेशी बोलीत बोलतात. पीजचा जो आवाज १९८५ साली थांबला, त्याच्या जातीचा हा आवाज आहे. ज्यांस आपल्या शाळेचे केंद्र काढावयाचे स्वप्न पडत असेल त्यांनी आधी परवान्याचे नियम वाचावेत. वाचून झाल्यावर माझ्याकडे जरूर यावे.

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. दिवाळीच्या सुटीनंतर मी व माझे सहकारी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजोबांनी आम्हांस चहा दिला व शिडी धरली. खांबाची जुनी चपटी तार मधून तुटली होती. ती सोलून जोडली व तिचे एक टोक एका साध्या रेडिओच्या आकाशकास चिमट्याने लावले. तार लावण्यापूर्वी इंदूरचे ९८.३ वरील केंद्र खरखरीत बुडालेले होते. हे केंद्र २००१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले असून येथून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तार लावताच गाण्याचे शब्द कळू लागले. खांब इंदूरच्या दिशेस, दक्षिणेकडे वळविला तेव्हा खरखर आणखी कमी झाली. मनोरा शंभर मीटरचा धरला तर चाळीस किलोमीटर, आणि गच्ची नऊ मीटरची, तिचे बारा, मिळून बावन्न. उरलेले अंतर इंदूर उज्जैनहून काहीसे उंचावर आहे म्हणून भरून निघत असावे, असे सहकाऱ्यांचे मत पडले.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी हे सारे सांगितले आणि माझे आधीचे उत्तर चुकले होते हेही सांगितले. तो विद्यार्थी मागच्या बाकावर होता. त्याने लगेच हात वर करून विचारले, "सर, मग खांब देवासकडे वळवला तर काय लागेल?"

शनिवारी पुन्हा शिडी लावावयाची आहे.